वाट कधी उघडावी

प्रिय ओसिप,

हे पत्र तुझी मुलगी वेरा तुला वाचून दाखवील. चार घरे पलीकडे राहणाऱ्याने पत्र पाठवावे याचे तुला नवल वाटेल. पण मी दार ठोठावले की तू झोपेचे सोंग घेतोस.

प्रभुकृपेने इकडे सर्व कुशल आहे. सत्तरीतही माझे गुडघे जाड टायरांची सायकल चढावर नेतात. प्रार्थना आटोपली की चाके रुतू नयेत म्हणून टायरांतली अर्धी हवा सोडतो आणि स्तोत्र गुणगुणत बर्फावर निघतो. चढावर दम लागून स्तोत्र तुटते. देव ते सांधून घेत असावा.

रविवारी मात्र माझ्या हातून प्रमाद घडला. वाट राखणाऱ्या डार्लाने पहाटे बर्फावर धावणाऱ्या स्नोमशीनमागे रोलर ओढून सायकलींची वाट दाबली होती. दाबलेला बर्फ घट्ट बसला की नाही, हे तू तीस हिवाळे एका पावलाच्या आवाजावरून सांगत आलास. तुझी दृष्टी गेली, तू घरात बसलास आणि ते काम माझ्याकडे आले. मी हातमोजा काढून तळवा टेकवला, कठीण लागले, वाट उघडली. गोठले होते ते वरचे कवच तेवढे! सतरा सायकलींनी वीतभर खोल चाकोरी पाडली आणि सोमवारी तिचा दगड झाला. ती फोडताना डार्ला कडाडली, "पास्टरबाबा, स्वर्गाचं दार हवं तेव्हा उघडा, पण माझ्या वाटेला हात लावू नका!"

हातांवर केसाळ कातडे गुंडाळून आलेल्या धाकट्या मुलाला केसाळ थोरला समजणाऱ्या, बायबलातल्या त्या आंधळ्या पित्याची कथा मी चाळीस वर्षे व्यासपीठावरून सांगितली. आवाज त्याने बरोबर ओळखला होता. विश्वास हातावर ठेवला म्हणून तो फसला. डोळे शाबूत असून मीही तेच केले.

शनिवारी वार्षिक शर्यत आहे. वाट पुन्हा बिघडली तर या हिवाळ्यात शर्यत होणे नाही. डार्लाने दोन बैठकांच्या जुन्या सायकलीला जाड चाके बसवली आहेत. पुढे मी, मागे तू. त्या दिवशी सकाळी सातला तुला न्यायला येतो. तेव्हा अंधारच असतो, त्यामुळे आपण दोघे सारखेच. तू उतरून एक पाऊल टाक आणि हो की नाही ते सांग. तू 'नाही' म्हणालास तर सारे मुकाट घरी परततील. पण ते 'नाही' आम्हाला तुझ्याच तोंडून, त्या वाटेवर ऐकायचे आहे.

तुझाच,
हाल्वर