जीपच्या पायरीचे चार बोल्ट

१ फेब्रुवारी १९८७, रविवार
गावाहून पत्र. शिमग्याला जीप घेऊन या म्हणतात. एस.टी. थांबते तिथून वाडीपर्यंतची ती वहाळातली, ओढ्यातून जाणारी दगडांची वाट. गेल्या मेपासून आमची जीप तिथे गेलेली नाही. दादाने पत्र वाचलं, घडी घातली, कॅलेंडरमागे खोचलं. "तू ने. मी चालवणार नाही."
नऊ महिने हेच. ज्या माणसाने मला गाडी शिकवली तो आता रिक्षात बसला तरी समोर बघत नाही, मांडीवरच्या पिशवीकडे बघतो.
वहिनी आतून म्हणाली, "आधी जीपच्या त्या बाजूच्या पायऱ्यांचं काय ते बघा भावोजी. मग शिमग्याचं बोला."
मीच बघायला हवं. केल्या मीच होत्या.

४ फेब्रु.
मरोळ. ऑफिस सुटल्यावर शेजारच्या गाळ्यात, पिंटोअंकलकडे. जन्मभर वेल्डिंग केलेला माणूस. गाडीखाली सरकला, डावीकडची दुमडलेली पायरी बघितली. "ही कोणी बनवली रे?"
"एकाने."
एकाने! चौतिसाव्या वर्षी इतकं सहज खोटं. ड्रॉइंग ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल पेन्सिल मारतो मी.
अंकलचं मत: पायरी काढूनच टाक. दोन चाकांच्या मधे दोन्ही बाजूंना जाड पाइप घाल, पत्र्याला नाही, खालच्या सांगाड्याला, चेसिसला धरलेला. गाडी दगडावर बसली तर पाइपावरून घसरत पुढे जाईल. चौकोनी घेतला तर ताकद जास्त, पण कोपरा दगडाला अडतो. गोल घसरतो. "विचार कर, घाई नको."

८ फेब्रु., रविवार
जेवताना दादापाशी विषय काढला. त्याला पायरीच हवी. "आत सहा बसतात, बाहेर चार लोंबकळतात. वाडीची माणसं ऐकणार आहेत? कशावर उभी राहतील?"
मी म्हटलं, उभी राहायलाच नकोत.
"म्हणजे चूक बाळाची?" बाळा, आमचा चुलतभाऊ, तेव्हा पायरीवर उभा होता. दादा ताटावरून उठला. हात धुताना म्हणाला, "चूक चालवणाऱ्याची. मी चाक नको त्या दगडावर घातलं."
हे तो दर वेळी बोलतो. आज इथे लिहूनच टाकतो.
८५ च्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी पायऱ्या तयार झाल्या. चेसिसला भोकं पाडायची बाकी होती. पण आमच्या कंपनीच्या वर्कशॉपमधलं मोठं ड्रिल पूजेसाठी पुसून, हार घालून ठेवलेलं. त्याला हात लावायचा नाही. मग हातड्रिलने बाजूच्या पत्र्यालाच चार भोकं पाडली, चार बोल्ट मारले. तात्पुरते. वरून काळा रंग, एकदम झकास. दुसऱ्या दिवशी वहिनीने हळदकुंकू वाहिलं, दादाने नारळ फोडला. पूजा झालेली गाडी लगेच कुठे खोलायची? दोन दिवस जाऊ देत म्हटलं. ते राहूनच गेलं.
मे महिन्यात गाडी दगडावर बसली तेव्हा पत्रा फाटला आणि पायरी बाळाच्या घोट्यावर दुमडली. चेसिसला असती तर टिकली असती. मला माहीत आहे. दादाला माहीत नाही.

१२ फेब्रु.
घाटकोपरला, बाळाकडे. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आणि जिन्याचा कठडा धरून उतरतो. शिमग्याला येणार म्हणजे येणारच. "चढ चालाक जमाचा नाय. जीपच होई माका."
पाइपाचं सांगितलं. हसला. "पाइपार उभो रवाक दितलंस मां?"
दादावर राग आहे का, विचारलं.
"दादान काय मुद्दाम केल्यान? दगड तो. आणि नशीब माझा."
अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात काकूने चहा आणला. चहा प्यायलो, निघालो. भित्रा मेला.

१९ फेब्रु.
ठरलं. गोल पाइप. आणि बाहेरच्या अंगाला थोडा वर तिरपा, म्हणजे कुणाचा पाय ठरणारच नाही.
अंकल म्हणाला, "गाववाले शिव्या घालतील तुला."
घालू देत.
त्याचा एक नियम आहे. त्याने केलेली वस्तू तिच्यावर गाडी उचलून बघितल्याशिवाय गाळ्याबाहेर जात नाही. पाइपाखाली जॅक लावायचा, त्या बाजूची दोन्ही चाकं अधांतरी करायची. पाइप वाकला तर तो स्वतः कापून टाकतो. पाच मिनिटांचं काम. मी तेव्हा ते केलं असतं तर...
"मालकाला बोलव. त्याच्या समोर उचलतो."
मालक म्हणजे दादा.

२५ फेब्रु.
वहिनीवर ओरडलो, पोळी करपली म्हणून. करपली नव्हती. तिने ती उलटून दाखवली. दादाला रविवारी मरोळला चल म्हटलंय. हो म्हणाला.

१ मार्च, रविवार
उचलली. दोन्ही चाकं जमिनीवरून वर, पाइप हलला नाही. दादा वाकून चेसिसवरचे बोल्ट एकेक करून चाचपत राहिला. मग तसाच उकिडवा बसून विचारलं, "जुन्याला असा जॅक लावला होतास?"
"नाही."
"का?"
सगळं सांगितलं. ड्रिल, हार, चार बोल्ट. अंकल हात धुवायला निघून गेला. दादाने भंगारात पडलेली जुनी पायरी उचलली. बोल्टांना पत्र्याच्या चिंध्या अजून चिकटलेल्या. 
"नऊ महिने," एवढंच म्हणाला.
मारलं असतं तर बरं झालं असतं. डावीकडे जाऊन बसला. पवईवरून मुलुंडला घरापर्यंत मीच चालवली. दोनदा गिअर कडकडला. दादा पूर्ण वेळ समोर रस्त्याकडे बघत होता.

५ मार्च
बोलणं बंद. वहिनीला कळलंय. मला वाढते, पण भावोजी म्हणत नाही.

८ मार्च, रविवार
शिमगा आठवड्यावर. सकाळी चावी खिळ्यावर नव्हती. कॅलेंडरमागचं पत्रही नव्हतं.
खाली गेलो. दादा स्टीअरिंगमागे बसलेला, इंजिन बंद. शेजारी बाळा. त्याला घाटकोपरहून बोलावून घेतलं होतं.
दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी काही बोललेलो नाही. बाळाला तू सांग. मग ठरवू, कोण चालवायचं, कोण कोण जायचं."
बाळा हसतच होता. "काय ता? सांग मां."
सवयीने पाय वर टेकवायला गेलो, तर नव्या पाइपावरून घसरला. मीच तिरपा करून घेतलेला. मग जमिनीवर उभा राहून सांगायला लागलो, दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून. बाळा हसायचा थांबला, आपल्या घोट्याकडे बघत बसला.
सांगून झाल्यावर मी वर आलो. आता दुपारचे तीन. ते दोघं अजून खाली जीपमध्येच आहेत. इंजिन सुरू झालेलं नाही.