आत्याचं शिलाई मशीन आणि माझं वेगवान पान

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (हा नेहमीसारखा कागदावरचा नाही. खोलीचं दार लावून खरोखर घातला, कोपराला थोडं खरचटलं.) तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला? इकडे सगळे बरे आहेत, मी सोडून. तू माझा फोन उचलत नाहीस, ते योग्यच करतेस. म्हणून पत्र. पत्र निदान मध्येच ठेवून देता येत नाही. (येतं. पण ठेवू नकोस.)

तुझं शिलाई मशीन सापडलं. म्हणजे खरं तर ते हरवलंच नव्हतं. तू बसमध्ये विसरलीस त्याच संध्याकाळी कंडक्टरने ते आमच्या हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात आणून दिलं, रीतसर नोंदही झाली: 'हातमशीन, शिलाईचे, निळ्या पिशवीत.' तू चौकशीला आलीस तेव्हा ते आतल्या खोलीतच होतं. आता पुढचं बसून वाच. त्या खोलीत खुर्च्या कमी आहेत, आणि मी त्याच्यावर बसून दुपारचा डबा खात होतो. तू आल्याचा निरोप आला तेव्हा त्याच्यावरूनच उठून मी बाहेर आलो. (पिशवीत काय आहे ते बघायचं सुचलं नाही. टणक होतं, एवढं आठवतं.)

हे झालं कसं ते सांगतो. आमच्याकडे छत्र्या, चष्मे, डबे, कुबड्या (कुबड्या विसरून माणसं चालत कशी जातात, हे मला अजून कळलेलं नाही) अशा तीन लाखांवर नोंदी आहेत. कॉम्प्युटरवरचं आमचं जुनं पान त्या सगळ्या एका दमात ब्राउझरमध्ये ओतायचं. खिडकीवरच्या बाई सकाळी पान उघडायच्या आणि चहा पिऊन यायच्या, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असायचं. साहेब मला म्हणाले, वेग वाढव. मी वाढवला. युक्ती अशी, की पडद्यावर एका वेळी जेमतेम तीस ओळी दिसतात, तर बाकीच्या मांडायच्याच कशाला? माणूस खाली सरकला की वरच्या ओळी काढून टाकायच्या आणि पुढच्या डेटाबेसमधून आणून ठेवायच्या. हे इतकं झटपट होतं की बघणाऱ्याला वाटावं, सगळ्याच्या सगळ्या नोंदी समोर आहेत. पापणी लवते न लवते तोच पान उघडू लागलं. साहेबांनी पाठ थोपटली. मी (हे लिहिताना कान तापलेत) त्या आनंदात नवा शर्ट घेतला.

आणि पान देखणं दिसावं म्हणून जुना शोधायचा चौकोनही काढून टाकला! बाईंना म्हटलं, त्याची गरजच काय, दोन बटणं एकदम दाबा, ब्राउझर स्वतःच शोधून देतो. आता ब्राउझर बिचारा शोधणार कुठे? पानावर असेल तिथेच. आणि पानावर होत्या तीस ओळी. उरलेल्या लाखो वस्तू जगात आहेत, हेच त्याला ठाऊक नाही. तो प्रत्येकाला नम्रपणे सांगायचा, काही सापडलं नाही. जवळजवळ पंधरवडाभर आम्ही सगळ्यांना रिकाम्या हाती, पण अतिशय वेगाने, परत पाठवलं.

त्यांतली एक तू. तू म्हणालीस, "अरे नीट बघ, मागच्या सीटखाली ठेवलं होतं, मला पक्कं आठवतंय." आणि मी अख्ख्या रांगेदेखत म्हणालो, "आत्या, कॉम्प्युटर विसरत नाही. माणसं विसरतात." तेवढ्यावर तरी थांबायचं! घरी येऊन सांगितलं, की आत्याला हल्ली आठवत नाही, मशीन बहुधा तिनेच कुणाला देऊन टाकलंय. पुढचं तू भोगलंस. तुझ्या लेकीने तुझ्याच स्वयंपाकघरातल्या डब्यांवर 'मीठ', 'साखर' अशा चिठ्ठ्या लावल्या. बाबा तुला डॉक्टरांकडे घेऊन गेले. शंभरातून सात-सात वजा करायला लावलं तेव्हा तू डॉक्टरांचीच चूक काढलीस म्हणे, तरी बाबा घरी येऊन म्हणाले, चिडचिडही वाढलीय.

काल एका गृहस्थांना बाई "नाही हो" म्हणत असतानाच त्यांनी खिडकीतून हात आत घातला आणि बाईंच्या डोक्यामागच्या फळीवरचं स्वतःचं लाल हेल्मेट उचललं. "मग हे काय आहे?" त्यांनी विचारलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं. मग पान खाली सरकवत गेलो, सरकवतच गेलो, आणि 'हातमशीन, शिलाईचे' समोर आलं. आत जाऊन निळी पिशवी उघडली. झाकणावर काकांनी कोरलेली तुझी आद्याक्षरं होती. मी खाली बसलो, या वेळी फरशीवर.

शोधायचा चौकोन परत लावलाय. तो आता थेट डेटाबेसलाच विचारतो, आणि तेही झटपट. (हे आधीही करता आलं असतं. विचारू नकोस.) लोकांना फोन करून परत बोलावणं चालू आहे, साहेब माझ्याशी फक्त बाईंमार्फत बोलतात. ते चालेल. पण तू खरं सांगत होतीस आणि मी तुझं सोडून माझ्या पानाचं ऐकलं, याची फार लाज वाटते.

तुझा (म्हणवून घ्यायला तोंड नसलेला)
भाचा

ता. क. मशीनचा दांडा थोडा सैल लागतोय. आधीपासून तसाच होता, की माझ्या वजनाने?

आणखी ता. क. एक लहानशी विनंती. घरी मी अजून काहीच सांगितलेलं नाही. बाबा फार चिडतील. तर मशीन तुझ्याच पलंगाखाली सापडलं, असं तू त्यांना फोन करून सांगशील का? नाहीतरी तू विसरतेस अशी सगळ्यांची समजूत झालेलीच आहे, त्यामुळे तुला वेगळा त्रास नाही.

ताई, हे अक्षर माझं. चिरंजीवांनी पाकीट टपालात टाकायला माझ्याकडेच दिलं आणि चिकटवायला विसरले. वाचलं. तुला डॉक्टरांकडे मी नेलं होतं. त्यांनी काही झालेलं नाही असं स्पष्ट सांगितलं, तरी मी गुपचूप दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. आज रद्द केली. रविवारी मशीन घेऊन येतो. हाही सोबत आहे, त्याला अजून माहीत नाही. माझ्या दोन पॅन्ट उसवल्यात, त्या आणू का? नाही म्हणालीस तर पॅन्ट आणणार नाही. मी येणारच.