चौऱ्याहत्तर किलोची स्प्रिंग

नाशिक, मंगळवार

ती. खंडेरावदादांच्या चरणी, कुसाचा नमस्कार.

तुमचा रक्तदाब आणि वहिनींचा गुडघा, दोन्ही ताब्यात असतील असे धरून चालते. (नसतील तर तांदळाची गिरणी चार दिवस दुसऱ्यावर सोपवा. तुम्ही ऐकणार नाही, पण लिहिणे माझे काम.) फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण मी 'गाडी' म्हटले की घोटीचे नेटवर्क जाते, आणि नेमके तुमच्याच घरातले जाते.

तर गाडीविषयीच. माझ्या तेजलने सिन्नरच्या एका गृहस्थांकडून जुनी टू-स्ट्रोक डर्ट बाइक घेतली, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या कंपनीतल्या ललितचा एक गट आहे. हे लोक रविवारी डोंगरवाटांनी गाड्या चालवतात. या रविवारी तिला पहिल्यांदा बरोबर घेणार आहेत. अट एकच, गाडी नीट जुळवून आणायची. नाहीतर जागा दुसऱ्याला, आणि मग पावसाळा संपेपर्यंत घरी बसायचे. पोरीने वर्षभर या एका रविवारची वाट पाहिली आहे. तिला सातपूरला दिवसपाळी, म्हणून मी म्हटले, मी करून घेते. वजनमापे खात्यात एकतीस वर्षे लोकांचे तराजू तपासले, मला एक गाडी जुळवून घेता येणार नाही?

दादा, नाही येत.

या गाडीला दिवे नाहीत, हॉर्न नाही, आरसे नाहीत, नंबरही नाही. त्यामुळे ती रस्त्यावर चालवायची नाही, टेम्पोत घालून डोंगरापर्यंत न्यायची. म्हणजे गाडी न्यायला गाडी. (हे मी लहानूकडून तीनदा समजावून घेतले. लहानू म्हणजे द्वारका चौकाजवळचा मेकॅनिक. माणूस चांगला, पण मोजण्याशी त्याचे वैर आहे.) हिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. किती, म्हणून विचारले तर त्याने खोकल्याच्या औषधाचे टोपण दाखवले आणि म्हणाला, "अंदाजानं, ताई." मी तडक घरी जाऊन काचेची मोजनळी घेऊन आले आणि लिटरला तीस मिलिलिटर, असे डोळ्यांच्या रेषेत धरून ओतले. तो म्हणाला, "एवढं मोजून तर डॉक्टरबी देत नाय." गाडी सुरू झाली आणि सगळी गल्ली निळ्या धुराने भरली. मी म्हटले, बिघडली. तो म्हणाला, धूर पाहिजेच, धूर दिसला नाही तर घाबरायचं. आयुष्यभर मी उलटे समजत होते.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी फोनवर सांगितल्याप्रमाणे गाडीची पूजा केली. नारळ, हळदकुंकू आणि झेंडूचा जाड हार. लहानूने हवेचा फिल्टर धुऊन वाळत टाकला होता, हे मला कोणी सांगितले नाही. फिल्टरच्या जागी एक भोक उघडे होते आणि हार बरोबर त्याच्यावर लोंबत होता. लहानूने गाडी चालू करताच तिने अर्धा हार आत ओढून घेतला. कार्बोरेटर उघडून चिमट्याने पाकळ्या काढण्यात दुपार गेली. (वहिनींना सांगू नका. सांगितलेत तर निदान पूजा झाली होती हेही सांगा.)

मग आली मागची स्प्रिंग. लहानू म्हणाला, चालवणारं माणूस बसवा, गाडी किती दबते ते बघायचंय. तेजल कामावर. आता दादा, तराजू तपासायला आम्ही प्रमाणित वजन ठेवतो. ते कोणाचे आहे हे बघत नाही, अचूक आहे की नाही एवढेच बघतो. माझे वजन मला अचूक ठाऊक आहे, चौऱ्याहत्तर किलो. मी पदर खोचला आणि बसले. लहानूने दोनदा विचारले, "पण चालवणार कोण?" मी म्हटले, तुम्हाला काय करायचंय, टेप धरा. त्याने टेप धरली, मान हलवली, आणि जुनी स्प्रिंग एका गिऱ्हाइकाला देऊन त्याच्याकडची जाड स्प्रिंग आपल्या गाडीला बसवली. ते गिऱ्हाईक त्याच संध्याकाळी धुळ्याला गेले.

काल पाळी सुटल्यावर तेजल मैदानावर गाडीवर बसली. हेल्मेट आणि बुटांसकट पोरगी बावन्न किलो. प्रत्येक दगडावर गाडी तिला फुटाण्यासारखी उडवत होती. दोन चकरांत उतरली आणि हेल्मेट न काढताच उभी राहिली. (हेल्मेट का काढत नव्हती ते मला कळले. मी विचारले नाही.) तेव्हा लहानूने सांगितले की ही स्प्रिंग माणसाच्या वजनावर ठरते आणि ज्याच्या वजनावर लावली त्यालाच मानवते. हे त्याने आधी सांगायला हवे होते. तो म्हणतो, विचारलं होतं ना दोनदा.

दोष कुठे आहे ते पाहावे म्हणून लहानूला किक मारायला लावून मी स्वतः एक चक्कर मारली. (खात्याच्या दौऱ्यांवर गिअरची स्कूटर चालवली आहे, ती सवय गेलेली नाही.) काही दोष नव्हता. पाटावर बसवून न्यावे तशी तिने मला नेऊन आणले. मग आणखी चार चकरा मारल्या, खात्री म्हणून.

असो. लहानूने स्वतःची जुनी बाइक तेजलला रविवारपुरती देऊ केली आहे. त्या बाइकची स्प्रिंग झिजून मऊ झाली आहे, तेजलच्या वजनाला अगदी बरोबर बसते. तेव्हा पोरीची काळजी नको. बाकी सर्व क्षेम, काही मागणे नाही.

तुमची,
कुसा

ता. क. : एक मागणे आहे. तुमच्या बांधामागून डोंगरावर जाणाऱ्या वाटेला तुम्ही फाटक करून कुलूप लावले आहे. ललितचा गट रविवारी सकाळी आठला तिथूनच जाणार आहे. शेत रिकामे आहे, गुरे तासभर बांधून ठेवा आणि कुलूप काढा. तुम्ही 'हो' म्हटले आहे, असे मी त्यांना कळवले आहे.

ता. क. २ : ललितने तेजलला विचारले, तुमची मूळ गाडी नीट जुळवली आहे का? तिने खरे ते सांगितले, की आईच्या वजनाला अगदी नीट. त्यावर तो म्हणाला, मग काकूंना आणा, सगळ्यांच्या शेवटी चालतील. एवढे काम करून गाडी घरी ठेवणे मला पटत नाही.

ता. क. ३ : फाटकातून सर्वांत शेवटी जी जाईल, तिला थांबवू नका. पाया पडायलाही मी उतरणार नाही, राग मानू नये. ही गाडी बंद पडली तर किक मारून सुरू करणे मला अजून जमत नाही. जाता जाता मान लववीन, तेवढ्यात आशीर्वाद द्या.