आईच्या उटण्यातला कापूर

सुश्रुत,

ड्यूटीला निघतेय. रेवाला आंघोळीआधी आईने पाठवलेलं उटणं लावू नकोस. काल फोनवर आई कौतुकाने म्हणाली, "यंदा कापूर जास्त घातलाय गं, तिकडे थंडी ना." एवढ्या लहान मुलांना कापूर कातडीतूनही बाधतो. नुसतं कोमट खोबरेल चोळ आणि ओवाळ.

आईला तेव्हा हे सांगवलं नाही मला. बाळंतपणाला तिला येता आलं नाही, नात अजून स्क्रीनवरच बघतेय. व्हिडिओ कॉलवर विचारलंच, तर 'लावलं' म्हणून मोकळा होऊ नकोस, नाहीतर पुढच्या दिवाळीलाही तेच पाठवेल. संध्याकाळी मी समजावून सांगेन.

डबा मात्र टाकू नकोस. पहाटे मी तेच लावून न्हाले. पाठीला हात पोचेना, तेव्हा आई फार आठवली.

अक्षया