तर्रीच्या ताटलीतले चार घास

हुडकेश्वर, नागपूर
बुधवार

श्रीयुत शरच्चंद्रराव व्याहीबुवा यांना मनोहररावाचा नमस्कार.

आपला गुडघा आता जिना चढू देतो का? विहीणबाईंनाही नमस्कार सांगावा. इकडे सर्व कुशल आहे, म्हणजे घरात मी आणि आपले जावई उन्मेष आहोत आणि दोन्ही वेळा फोडणीचा भात आहे. आपली कन्या, आमची सून भैरवी, शनिवारी एक बॅग आणि तर्री नावाची कुत्री घेऊन वर्ध्याला आपल्याकडे आली. तिने काय सांगितलं ठाऊक नाही, म्हणून खरी हकीकत कळवतो.

तर्री ही भैरवीने पोह्याच्या ठेल्यापाशी उचललेली गावठी कुत्री. रंग पोह्यांवरच्या रश्श्यासारखा लाल, म्हणून हे नाव. आता बुटीबोरीच्या कारखान्यात मी तीस वर्षं सुपरवायझर होतो, दोनशे माणसं माझ्या शिट्टीवर हलत (युनियनवाले सोडून). अशा माणसाचं घरातली कुत्री ऐकत नाही, हे मला पटेना. मोबाईलवर एका पहिलवानाचा व्हिडिओ सापडला. त्याचं म्हणणं, कुत्र्याला आपला वरिष्ठ कोण ते दाखवून द्यावं. दारातून आधी आपण निघावं, आधी आपण जेवावं, तेही त्याच्याच ताटलीतून, त्याच्या डोळ्यांदेखत. दारातून आम्ही दोघं एकदमच निघालो. माझं कोपर सोललं, पण जमिनीवर पहिला मीच पोचलो. ताटलीचा कार्यक्रम व्हरांड्यात ठेवला. (ताटली घासलेली होती आणि दहीभात माझाच होता, हे विहीणबाईंना आवर्जून सांगा.) चार दिवस मी ओणवा होऊन चार-चार घास खाल्ले आणि तर्री समोर बसून जांभया देत राहिली. माझ्या सेफ्टीच्या भाषणात कामगार अशाच द्यायचे. मी म्हटलं, उद्धट आहे.

पाचव्या दिवशी समोरच्या तुळसाबाईंनी मला त्या अवस्थेत पाहिलं आणि तडक स्वयंपाकघर गाठलं. "काहून वं भैरवी, सासऱ्याले कुत्रीच्या ताटलीत खाऊ घालून राहिली का?" दुपारपर्यंत गल्लीभर झालं. एका घरून मला झुणका-भाकर आली (झुणका फर्मास होता). बोलणी मात्र सगळी भैरवीने खाल्ली. तिने मला एका शब्दानेही विचारलं नाही, त्याचाच मला जास्त राग आला आणि तो निघाला कुत्रीवर. संध्याकाळी तर्री जेवत असताना मी ताटली ओढली. ती गुरगुरली. व्हिडिओत होतं तसं मी तिला मानेला धरून उताणं पाडलं आणि दाबून ठेवलं. ती निपचित पडली आणि तिथेच मुतली. मी विजयाने मान वर केली, तर दारात भैरवी.

"बाबा, ती तुम्हाले साहेब समजून नाही राहिली, भिऊन राहिली," एवढंच म्हणाली. मग सांगितलं की जांभई देणं, ओठ चाटणं, तोंड फिरवणं ही 'मला सोडा' म्हणायची कुत्र्यांची रीत आहे. गुरगुरणं हा इशारा आहे, तो दाबला तर पुढच्या वेळी इशारा न देताच चावेल. धोक्याची घंटा वाजते म्हणून घंटेची तार तोडणाऱ्या एका ऑपरेटरला मी स्वतः घरी पाठवलं होतं, त्यामुळे मुद्दा मला जागीच पटला. पण सुनेसमोर पटल्याचं दाखवणं आमच्या घराण्यात नाही. मी म्हणालो, या घरात एक तर माझी शिस्त राहील, नाहीतर हे जनावर. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी गेल्या.

असो. आपण सुज्ञ आहात. मी माझ्या मतावर ठाम आहे. भैरवीने हवं तितकं राहावं, इकडे कसलीही अडचण नाही.

आपला,
मनोहरराव

ता. क. रविवारी सकाळच्या गाडीने मी वर्ध्याला येतो आहे. भैरवीने उन्मेषला फोनवर सांगितलं, की माफी माझी नको, तर्रीची मागा. त्याची रीतही कळवली आहे. दूर, अंग तिरपं करून बसायचं, डोळ्यांत बघायचं नाही, हाक मारायची नाही, उघड्या तळव्यावर उकडलेल्या अंड्याचा तुकडा ठेवून थांबायचं. यायचं की नाही ते ती ठरवेल. रोज व्हरांड्यात सराव करतो आहे (आतापर्यंत एक कावळा आला आणि तुळसाबाई). तर्री मुतली तेव्हा आपण जिंकलो असं मला वाटलं होतं, त्याची फार लाज वाटते. हे उन्मेषला कळवू नये.

आणखी एक. अंगणात मी तोंड फिरवून बसलेला दिसलो, की वरपक्ष रुसला असं समजून आपण सगळे चहा-लाडू घेऊन मनधरणीला धावाल. कृपा करून कोणी येऊ नका. या खेपेला रुसलेली तर्री आहे आणि मनधरणी माझ्याकडे आहे. तिने तळव्यावरचं अंडं उचलेपर्यंत, ऊन डोक्यावर आलं तरी, मला उठवू नका.