कमलताईंचं कच्चं भाषण

प्रिय कमलताई,

परवा आपल्या मराठी मंडळाची मुलांची वक्तृत्व स्पर्धा झाली. तुमच्याशिवाय पहिलीच. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहायला बसले.

तुमच्या फोटोला हार घातला हो! चांगला मोठा, झेंडूचा. अध्यक्षांनी ‘दोन शब्द’ म्हणून वीस मिनिटं खाल्ली. मग वेळ वाचवायला काय गाळलं असेल? तुमचं कच्चं भाषण!

दरवर्षी मुलांच्या आधी तुम्ही उभ्या राहायच्या. विषय ठरलेला, दुधी भोपळ्याचे फायदे. परीक्षकांनी मार्क द्यायचे आणि तुम्ही ते कागद फाडून टाकायचे. पहिल्या वर्षी मी म्हणाले होते, "एवढी हौस असेल तर घरी भाऊजींपुढे बोला ना!"

तुम्ही रागावला नाहीत. "अवो प्रमिला, मार्क देतानी परीक्षकाचा हात पयले आखडलेलाच रायते. ज्याची चिठ्ठी पयली निघाली त्या लेकरानं का पाप केलं? हात मोकळा व्हायचा तो माह्यावर होऊ दे."

कॉन्व्हेंटमध्ये वक्तृत्वाची इतकी बक्षिसं घेतली मी, पण सगळ्यात आधी बोलणाऱ्या मुलाचा विचार कधी शिवला नव्हता मनाला.

पण ताई, हे मला एकटीलाच का सांगितलंत? बाकीच्यांना वाटायचं, म्हातारीला माईकचा शौक आहे. आणि मला माहीत असून मी काय केलं? सूत्रसंचालन माझ्याकडेच होतं. अध्यक्ष घड्याळ दाखवत म्हणाले, "मॅडम, यंदा थेट सुरू करा." भाजीवाल्यालाही न सोडणारी मी, मुकाट्याने मान डोलावली!

पहिली चिठ्ठी अनुश्रीची निघाली. हिंदी शाळेतली, सातवीतली पोर, कुम्हारी गावाहून आईबरोबर बसने आलेली. आईच्या शिलाई मशीनवर बोलली, आणि काय बोलली! निकालात मात्र खालून दुसरी.

नंतर चहा पिताना एक परीक्षक म्हणतात, "ती पहिली मुलगी खरं तर छान होती हो. तेव्हा अंदाज आला नव्हता." मी म्हटलं, पुन्हा ऐका तिला. अध्यक्ष म्हणाले, "निकाल लागला, मॅडम." त्यावर मी जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तुम्ही पदर तोंडाला लावून हसला असतात.

अनुश्री फाटकापाशी थांबली होती. "आजी, मी कुठे चुकली? सच बताना."

"तू नाही. मी चुकले," म्हटलं, आणि तुमच्या भोपळ्याची सगळी गोष्ट सांगितली. तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "तो अब वो भाषण कोण देणार?"

मी देणार, ताई. पुढच्या वर्षी पहिल्या चिठ्ठीआधी मीच उभी राहीन, दुधी भोपळ्यावरच. का बोलते आहे तेही माईकवरून सगळ्यांना सांगेन. माझ्या कॉन्व्हेंटी मराठीवर परीक्षकांनी हवा तेवढा हात आखडावा. कागद फाडायला अनुश्रीला बोलावलंय.

तुमची तोंडाळ,
प्रमिला