फितुराचे नाव

धुळे, शनिवार, १२ डिसेंबर १९८७

उद्या स्नेहसंमेलनात माझा एकपात्री प्रयोग, भिवा दरोडेखोराचा. संहिता तोंडपाठ आहे. धास्ती एकाच वाक्याची. जेवायला बोलावून ज्याने भिवाला पकडून दिले, त्याचे नाव भिवा फासावर जाताना घेतो. ते नाव इकडे सर्वांना ठाऊक आहे. तो माझ्या मैत्रिणीचा, मालतीचा पणजोबा. आणि माझा फेटा मालतीच बांधते.

आज तालमीत मी ते वाक्य गाळले. नंतर फेटा सोडताना ती हळूच म्हणाली, "नाव ले वं. तू गाळं तर बठ्ठा मन्हाकडेच देखतीन."

सगळे तिच्याकडेच बघतील, हे खरे; मी होकारार्थी मान हलवली. उद्या फेटा बांधून ती पहिल्या रांगेत जाऊन बसेल. नाव घेताना मी पाहू कुठे? इथे, माझ्याच रोजनिशीत, ते मला अजून लिहिता आलेले नाही.